तीन जणांना उतरायचं होतं

उन्हानं विमान अडतं, हे जळगावच्या माणसाला पटवणं फार अवघड. धुकं म्हटलं की लोक ऐकून घेतात. पाऊस म्हटलं की मान डोलावतात, वादळ म्हटलं तर देवाला हात जोडतात. पण ऊन? "ताई, उन्हाचं आम्हाला सांगू नका, आम्ही जन्मलोच उन्हात," हे वाक्य मी दर वैशाखात इतक्यांदा ऐकते की आता कोणी तोंड उघडलं की पुढचे शब्द मीच मनात म्हणून टाकते. एका विमान कंपनीच्या काउंटरवर बसते मी. माझी नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं बोलणी खाण्याची नोकरी.

गोष्ट खरं तर सोपी आहे. तापलेली हवा पातळ होते आणि पातळ हवा पंखांना नीट उचलून धरत नाही. घट्ट वरणात चमचा उभा राहतो, पातळ वरणात आडवा पडतो, असं मी लोकांना सांगते. आमचं विमान छोटं, पंख्यांचं. पारा फार चढला की वैमानिक कळवतो, आज एवढंच वजन घेईन. मग कंपनी आधी सामान मागे ठेवते आणि ते गाडीनं पाठवते. तेवढ्यानं भागलं नाही तर माणसं मागे ठेवावी लागतात. म्हणून उन्हाळ्यात आमचं विमान सकाळी लवकर ठेवलेलं असतं, ऊन डोक्यावर यायच्या आत निघून जायला. पण मुंबईकडून येतानाच त्याला उशीर झाला की आमची सकाळ बघता बघता दुपार होते. आणि शाळांच्या सुट्ट्या, लग्नसराई, आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, सगळं नेमकं याच दिवसांत येतं. एक जागा रिकामी नसते. रिकामी काय, पाय ठेवायला जागा नसते.

त्या वर्षीच्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी त्या विमानात माझी आई बसायची होती.

आईचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता. तिचं सगळं जग उजव्या डोळ्यावर चाललं होतं. आखाजीच्या दिवशी गावी, धरणगावाजवळच्या आमच्या घरी, खापरावर मांडे टाकता टाकता ती म्हणाली, "आज धूर इतका काळा कसा काय शे वं?" धूर नव्हताच. चूल चांगली पेटलेली होती. तिच्या डोळ्यात खालून एक काळा पडदा वर चढत होता आणि तिला वाटत होतं लाकडं ओली आहेत. तसंच चाचपडत तिनं सगळे मांडे केले, घागर भरली, वडिलांच्या नावानं आगारीला, म्हणजे चुलीतल्या विस्तवावर, घास टाकला, आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर मला सांगितलं. मी तिच्यावर अशी चिडले की विचारू नका. चिडण्याशिवाय दुसरं काय हातात होतं?

जळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याचा आतला पडदा सुटतो आहे. मधला भाग अजून जागेवर आहे, तोवर ऑपरेशन झालं तर नजर राहील. तो भाग सुटला की मग ऑपरेशन करूनही हाती काही लागणार नाही. याच डोळ्यावर आधी एक अवघड शस्त्रक्रिया मुंबईत झाली होती, त्यामुळे इथं कोणी हात लावायला तयार नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी परवा सकाळची वेळ दिली आणि बजावलं, उद्या संध्याकाळपर्यंत दाखल करा, वाकू देऊ नका, धक्का बसू देऊ नका. धुळ्यावरून मोटारीनं न्यायचं म्हटलं तर ठिकठिकाणी रस्ता खणलेला, धक्क्यांशिवाय दुसरं काही नाही. रेल्वेची आरक्षणं लोकांनी होळीच्या आधीच करून ठेवलेली. विमानात एकच जागा निघाली, तीही कोणीतरी तिकीट रद्द केलं म्हणून. मी ती घेतली. मुंबईच्या विमानतळावर मामा न्यायला येणार होता.

सकाळी घरातून निघताना मी आईला दोन गोष्टी बजावल्या. एक, डोळ्याचं अवाक्षर काढायचं नाही. आजारी प्रवासी म्हणून नोंद झाली की कंपनीच्या डॉक्टरांकडून 'प्रवासाला हरकत नाही' असा दाखला येईपर्यंत विमानात बसू देत नाहीत, आणि तो दाखला एका सकाळीत येत नाही. दुसरी, तिथं मला ओळख द्यायची नाही. गर्दीच्या दिवसांत लोकांच्या हातात फोन तयारच असतात. काउंटरवालीनं स्वतःच्या आईची सोय केली, एवढं चित्रण बाहेर गेलं की माझी नोकरी गेलीच आणि आईची जागाही गेली.

"म्हणजे मी कोनी नही तुनी?" आई म्हणाली.

"दोन तास कोणी नाहीस."

"बरं," म्हणाली, आणि काळा गॉगल लावून बसली. आमच्याकडे वैशाखात म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यावर काळा गॉगल असला तर कोणी वळूनही बघत नाही.

विमानतळावर आम्ही वेगवेगळ्या दारांनी शिरलो. ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा मी तिचं ओळखपत्र बघितलं, जणू तिचं नाव मला पहिल्यांदाच कळत होतं. "सामानात काही धारदार वस्तू?" मी विचारलं. "नही माय," ती म्हणाली. पिशवीत सांजोऱ्या होत्या आणि मामासाठी डांगर. डांगर म्हणजे खरबूज, आखाजीला आमच्याकडे घागरीवर ठेवतात ते.

मग मुंबईहून निरोप आला की विमान निघालेलं नाही. तिकडे आभाळात गर्दी, त्यात सकाळी वाऱ्यानं घोटाळा केलेला, सगळ्यांचाच खोळंबा. आमचे साहेब कपाळाला हात लावून बसले. साहेब म्हणजे आमच्या छोट्या कार्यालयाचे प्रमुख, भला माणूस, पण नियमांचा गुलाम. "ऊन चढायच्या आत आलं तर बरं," ते म्हणाले. ऊन काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं. काचेबाहेर धावपट्टीवरची हवा थरथरायला लागली. दार उघडलं की आत भट्टीची झळ यायची.

पहिला निरोप आला की सामान मागे ठेवावं लागेल. लोक ओरडले. लग्नाचे शालू, आंब्यांच्या पेट्या, वर्षभराच्या पापड-कुरडया, लेकींना माहेरून मिळालेलं सगळं वाळवण त्या बॅगांत होतं. मी हात जोडून सांगितलं की ते गाडीनं येईल, आणि पापड उन्हातच वाळलेत, त्यांचं ऊन काय वाकडं करणार? कोणीतरी हसलं. बॅगा बाजूला काढल्या.

मग विमान मुंबईहून निघालं. मग जळगावचा पारा आणखी चढला आणि वैमानिकानं वाटेतूनच कळवलं, सामान काढूनही तीन माणसं जास्त होतात.

तीन माणसं. आमचा नियम असा की आधी विनंती करायची. जो आपणहून थांबेल त्याला दुसऱ्या दिवसाचं तिकीट, राहण्या-जेवणाची सोय आणि वर भरपाई. कोणीच थांबलं नाही, तर ज्यांनी सगळ्यात शेवटी तिकीट काढलं त्यांना उतरवायचं. आणि सगळ्यात शेवटचं तिकीट कोणाचं होतं, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

मी माइक घेतला. आजवर मी शेकडो सूचना दिल्या असतील, पण त्या दिवशीचा माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. कृपया तीन प्रवाशांनी सहकार्य करावं, कंपनी सर्व सोय करील. कोणी हललं नाही. पुन्हा सांगितलं. भरपाईचा आकडा साहेबांनी वाढवायला लावला, तो सांगितला. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मला त्यांचं मन कळत होतं. पैसे घेऊन जागा सोडणारा तो मूर्ख, असं प्रत्येकाला वाटत होतं. भाव आणखी चढेल, मग बघू, असं काहींना वाटत होतं. आणि बहुतेकांना वाटत होतं की मी कशाला, तो शेजारचा उतरेल की. मला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. अक्षरशः. काउंटरवरून उडी मारून एकेकाचे पाय धरावेत आणि सांगावं, ती बघा, तिथं खांबापाशी काळा गॉगल लावून ताठ बसली आहे ना, तिनं वाकायचं नाही म्हणून ताठ बसली आहे, ती माझी आई आहे.

पण मी म्हणाले, "कृपया सहकार्य करा."

एक नाना मगापासून काउंटरच्या आसपास घुटमळत होते. चोपड्याकडचे, केळीवाले, पांढरं धोतर, पांढरी टोपी, पहिल्यांदाच विमानात बसणारे. त्यांनी मला सकाळपासून छळलं होतं. "काय वं बेटा, ऊनमुये इमान अडकस? मंग आम्ही बठ्ठा येडा शेतस का, वैशाखमा वावरमा राबतस?" वेडं कोणीच नाही, म्हणत मी वरणाचा चमचा समजावून सांगितला होता. त्यावर त्यांनी सगळ्यांना मोठ्यानं सुचवलं की पिशव्यांतले आंबे खाऊन टाका, म्हणजे वजन कमी होईल. दोन-तीन कुटुंबांनी खरंच खायला घेतले. कोणीतरी म्हणालं, नाना, पोटात गेला तरी आंबा विमानातच बसणार. एवढा हशा झाला त्या हॉलमध्ये, आणि मला रडू येत होतं.

साहेबांनी घड्याळ दाखवलं. विमान उतरायला आलं होतं. जेवढा वेळ ते खाली तापत राहील तेवढी परिस्थिती बिघडणार. फार लांबलं तर उड्डाणच रद्द. मी माइकवर तेही सांगितलं. लगेच आरडाओरडा सुरू झाला. एकाची परीक्षा होती, एकाच्या पुतणीची हळद होती, एका बाईच्या काखेत ताप आलेलं मूल होतं. सगळेच खरं बोलत होते.

तेव्हा नानांनी बंडीच्या खिशातून पत्त्यांचा कॅट काढला.

आमच्या भागात आखाजीला पत्ते खेळतात. एरवी पत्त्याला हात न लावणारा माणूसही त्या दिवसांत चार डाव टाकतो, पारावर, ओट्यावर, आणि कोणी त्याला नावं ठेवत नाही. सासरा जावयाशी खेळतो, मालक सालदाराशी खेळतो. हरलेल्याची कोणी थट्टा करत नाही. आखाजीचं हरणं म्हणजे हरणं नव्हेच, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आणि खोटं मात्र कोणी करत नाही. एरवी तराजूत दगड ठेवणारा माणूसही आखाजीच्या डावात सरळ खेळतो.

"कोनीतरी उतरनं शे ना?" नाना म्हणाले. "भांडीसन काय व्हई? आखाजी शे. पत्ता काढा. ज्याना पत्ता लहान, तो उतरी जाई. जेसले काही अडचण शे, तेसनी बाजूले बसा."

आणि जे मी माइकवरून इतका वेळ मागत होते ते क्षणात झालं. पैसे घेऊन जे थांबायला तयार नव्हते, ते पत्त्यासाठी बाक ओढून बसले. पैसे घेणं म्हणजे हार मानणं होतं, पत्ता लहान येणं म्हणजे नशीब. धुळ्याचे एक मारवाडी व्यापारी, सकाळपासून मला नियम विचारून भंडावून सोडणारे, सगळ्यात आधी येऊन बसले. "धंद्याचं काम आहे, उद्या झालं तरी चालेल," ते म्हणाले, "पण फुकट नाही उतरणार. पत्ता सांगेल तर उतरेन." साहेब हळूच फोन कानाला लावून बाहेर निघून गेले. फोन वाजल्याचं मला ऐकू आलं नव्हतं.

मला वाटलं सुटलो. तीन जण आपणहून उतरले की नियम पुढे सरकत नाही. आई बाजूला बसेल, कोणाचे तरी तीन पत्ते लहान येतील आणि ती जाईल. मी देवाचं नाव घेतलं.

नाना एकेकाला विचारत फिरत होते. परीक्षावाला बाजूला, हळदवाला बाजूला, लेकुरवाळी बाजूला. फिरत फिरत खांबापाशी आले.

"अक्का, तुमले काही अडचण?"

 सांग ना, मनात म्हणत होते मी. काहीही सांग. लग्न सांग, मयत सांग.

आईनं मान वर केली. मी तिला बजावलं होतं, डोळ्याचं बोलायचं नाही. आणि आखाजीच्या डावासमोर खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं.

"नही भाऊ," ती म्हणाली. "असंच जास. भाऊकडे."

"मंग या, बसा."

आणि ती उठून बसली की तिथं! ताठ, अगदी डॉक्टरांनी सांगितल्यासारखी, पण बसली. मी काउंटरमागून तिला खुणावत होते. मान हलवत होते, हातानं नको नको करत होते. माझ्या शेजारच्या काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघायला लागली तरी मी थांबले नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी आंधळ्या होत चाललेल्या बाईला खुणा करते आहे. आयुष्यात इतकं हतबल मला कधीच वाटलेलं नाही, वडील गेले तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान मला तिच्या गळ्यात पडता आलं होतं.

मी काउंटर सोडला. यादी हातात धरून, नोंद घ्यायला आल्याचा आव आणून नानांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. दहा-पंधरा माणसं वर्तुळ करून बसली होती. नानांनी पत्ते पिसले. पिसताना त्यांचे हात एवढे सफाईनं चालत होते की कोणीतरी म्हणालं, नाना, केळीचा धंदा खरा की हा? नाना हसले. एकेकानं पत्ता उचलायचा, उलटा करायचा, नाना मोठ्यानं सांगणार. सत्ती. गुलाम. नव्वी. धुळ्याच्या शेटजींनी काढली तिर्री, आणि त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनंच त्यांना फसवलं. एका तरुणाची चौरी निघाली. तो कपाळावर हात मारून हसला. राजा. दश्शी. अठ्ठी.

मग आई. तिनं हात पुढे केला, चाचपडून एक पत्ता ओढला आणि गॉगलच्या वर धरून बघितला, जिथं तिला अजून थोडं दिसत होतं. पत्ता लाल आहे एवढंच तिला कळलं असणार. तिनं तो नानांपुढे केला.

"मले जरासं कमी दिसस, भाऊ. तुम्हीच वाचा."

नानांनी पत्ता हातात घेतला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. बदामची दुर्री.

 मुंबईच्या डॉक्टरांचा आवाज कानात घुमायला लागला, संध्याकाळपर्यंत, संध्याकाळपर्यंत. आता ओरडावं, सगळं सांगावं, नोकरी गेली खड्ड्यात, असं ओठांवर आलंसुद्धा.

नाना पत्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आईकडे बघितलं. तिचा गॉगल, ताठ मान, मांडीवर घट्ट धरलेला पिशवीचा बंद, पत्ता हातातून गेला तरी हवेत तसाच राहिलेला तिचा हात. किती वेळ बघितलं मला सांगता येणार नाही. मला तो फार मोठा वाटला, पण बाकीच्यांना काही जाणवलं नसावं.

"बदामनी राणी!" नाना मोठ्यानं म्हणाले. "वा अक्का! राणी काढी तुम्हनी!"

सगळे वा वा करायला लागले. आई लाजून हसली, पोरीसारखी. नानांनी तो पत्ता पालथा करून आपल्या मांडीखाली सरकवला. शेटजी त्यांना खेटून बसले होते. त्यांनी पत्ता पाहिलेला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं, माझी काय अवस्था होती कोण जाणे, आणि परत मिटलं. नियमासाठी सकाळपासून भांडणारा तो माणूस खाली मान घालून आपल्या तिर्रीकडे बघत बसला.

शेवटचा पत्ता नानांचा. त्यांनी तो उचलला, स्वतःपुरता बघितला, हात खाली नेला आणि वर आणला तेव्हा त्यात बदामची दुर्री होती. "घ्या," त्यांनी सगळ्यांना फिरवून दाखवली. "दुर्री! मीच उतरनू."

लोक हळहळले. पत्ते काढायची कल्पना त्यांचीच, आणि तेच उतरले. "नानांचं नशीबच वाईट," शेटजी म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं. मी यादीत तीन नावांपुढे 'स्वेच्छेने' असं लिहिलं. साहेब लगेच आत आले आणि कोणी काही सांगायच्या आधीच म्हणाले, छान झालं, चला.

विमान उतरलं. तपासणी झाली. आई मदतनीसाचा हात धरून दाराकडे निघाली. काउंटरपाशी आली तशी थांबली आणि माझ्या आवाजाच्या अंदाजानं माझ्याकडे तोंड केलं.

"येते बरं का ताई," ती म्हणाली. स्वतःच्या लेकीला ताई. "देव तुमचं भलं करो."

"सांभाळून जा, मावशी," मी म्हणाले.

दार उघडलं, झळ आत आली, दार बंद झालं. काचेतून मला ती जिना चढताना दिसली, एकेक पायरी, मान न वाकवता. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, थांबलं, आणि मग धावायला लागलं. ते नेहमीपेक्षा जास्त धावलं, किंवा मला तसं वाटलं. चाकं उचलली गेली तेव्हा मी काउंटरखाली बसून घेतलं आणि पेन शोधत असल्याचं नाटक केलं. शेजारच्या मुलीनं पाण्याची बाटली खाली दिली.

हॉल रिकामा झाल्यावर नाना एका बाकावर बसलेले दिसले. पिशवीतून सांजोरी काढून खात होते. कंपनीच्या जेवणाला त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. उद्याच्या विमानाचं तिकीट द्यायला गेले तर त्यांनी मान हलवली.

"उद्यानं काय करू बेटा? नातू आज रातले परदेशले जाई ऱ्हायना. त्याले सोडाले निंघनू व्हतू. दोन-चार वरीस काही येवाव नही तो." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाले, "फोनवर देखसू ना. आते फोनवर माणूस पुरा दिसस."

म्हणजे अडचण त्यांनाही होती. बाजूला बसायचा हक्क त्यांनाही होता. डाव मांडणाऱ्यानंच बाजूला बसायचं कसं, म्हणून ते बसले नव्हते. आणि तिकडे मुंबईत नातू वाट बघत होता.

मी त्यांच्या पायांशी वाकले. "नाना, तो पत्ता..." मी म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या बोटांना सांजोरीचं तूप लागलेलं होतं. त्यांना कळलं होतं का ती माझी कोण? मला वाटतं कळलं होतं. त्यांनी विचारलं नाही.

"आखाजीना पत्ता एकदाव पडना का पडना," ते म्हणाले. "परत उलटावतस नही, बेटा."

मग त्यांनी कॅट बंडीत टाकला, टोपी नीट केली आणि चोपड्याच्या बसला उशीर होतो म्हणून भर दुपारच्या उन्हात निघून गेले. रिक्षा मागवते म्हटलं तर मला हसले. उन्हातच जन्मलेत ते.

आईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मधला भाग अजून जागेवर होता, पण फार तर आणखी एखादा दिवस टिकला असता, असं डॉक्टर मामाला म्हणाले. ती आता सुई ओवते, पेपरचे मथळे वाचते, माझ्या केसांतले पांढरे केस दुरून मोजते. आणि दर आखाजीला ओट्यावर पत्ते मांडले की जो नवा माणूस येईल त्याला सांगते, की विमानतळावर एवढे शिकलेले लोक बसले होते आणि राणी काढली ती मी. मी आत मांडे भाजत असते. त्यांना आणखी एक मांडा वाढ, एवढंच आईला म्हणते.

कारण खरं सांगितलं तर काय होईल हे मला माहीत आहे. ती पिशवी उचलेल आणि चोपडा तालुक्यातलं एकेक गाव फिरत त्या नानांना शोधत बसेल. आणि त्या दिवशी तिला पत्ता दिसला असता, तर तिनं स्वतःच मोठ्यानं दुर्री म्हटलं असतं, उतरली असती, आणि आज माझ्या समोर बसून तिला पत्ता दिसला नसता.